जोडी वाकडी चालते? घोडा बदलण्याआधी साज बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. बग्गीला जोडी जुंपली की डावा घोडा मुंडकंभर पुढे, उजवा मागे. दांडी एका अंगाला गेलेली. डाव्याला आवरावं तर दोघंही थांबतात, उजव्याला चाबूक दाखवावा तर उसळतो डावाच. वरात कशीबशी पार पडते, पण घरी येऊन साज उतरवला की एकाच्या खांद्यावरचे केस उडालेले दिसतात. हळद-तेल लावून आठवडाभर विश्रांती दिली की बरं वाटतं, पुढच्या लग्नतिथीला पुन्हा तेच. शेवटी मालक वैतागून म्हणतो, "हा घोडाच खोटा आहे," आणि सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या बाजारात दुसरा शोधायला निघतो. नवा घोडा येतो आणि थोड्याच दिवसांत तोही खोटा निघतो.

घोडा बदलूनही जे दुखणं जात नाही ते घोड्यात नव्हतं, एवढं मान्य करायला हरकत नसावी. लग्नाच्या बग्ग्यांमध्ये याचं मूळ बऱ्याचदा खरेदीतच सापडतं. जोडीचा साज म्हणून टांग्याचे दोन साज घेतलेले असतात आणि मध्ये दांडी म्हणून एक लोखंडी पाइप वेल्ड केलेला असतो. दोन सायकली दोरीने एकमेकींना बांधल्या म्हणून त्यांची चारचाकी होत नाही.

टांग्यात घोड्याच्या दोन्ही बाजूंना दांड्या असतात. घोडा तिरका व्हायला लागला तर दांडीच त्याला सरळ करते. जोडीत दोन घोड्यांच्या मधोमध एकच दांडी, आणि प्रत्येक घोड्याची बाहेरची बाजू उघडी. गाडी ओढायची ती मागच्या आडव्या बारपर्यंत जाणाऱ्या दोन पट्ट्यांनी. गाडी थोपवायची ती छातीपासून दांडीच्या टोकाला जाणाऱ्या वादीने. वळायचं लगामाने. या तिघांपैकी एकाचं माप चुकलं की त्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं: वादीने गाडी ओढली जाते, लगामाने घोडा मागे धरून ठेवावा लागतो. टांग्यात अशा चुका दांड्या झाकून घेतात. जोडीत त्या थेट कातडीवर उमटतात.

हे बघून सांगणारे लोकही आता कमी उरले. संस्थानांच्या पागा गेल्या, त्यांच्याबरोबर तिथले कोचवान गेले. मुंबईत उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितलं, तेव्हा तो धंदा करणारी घरंही पांगली. त्या निकालाबद्दल मत काहीही असो, जोडी बांधण्याचं हातातलं ज्ञान मात्र त्यानंतर आणखी दुर्मीळ झालं. म्हणून इथे ते जरा सविस्तर मांडतो.

आधी घोड्यांची जागा बदला

काहीही सैल-घट्ट करण्याआधी डावा घोडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे जुंपून बघा. प्रत्येकाची कॉलर, म्हणजे ओढीचा जोर घेणारा गळ्यातला किंवा छातीवरचा साज, ज्याची त्याला राहू द्या. ओढीचे पट्टे, वाद्या आणि लगाम मात्र गाडीच्या ज्या बाजूचे त्या बाजूलाच ठेवा. मोकळं मैदान, रिकामी गाडी, साधी चाल, आणि दोघांच्या तोंडाशी एकेक मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस. वर्षानुवर्षं एकाच बाजूला चाललेला घोडा दुसऱ्या बाजूला सुरुवातीला बिचकतो, त्यामुळे पहिल्या फेरीवरून निकाल देऊ नका.

दोष जागेवरच राहिला, म्हणजे आता डावीकडे आलेला घोडाही पुढे झेपावायला लागला, तर दोष गाडीत किंवा साजात आहे. दोष घोड्याबरोबर उजवीकडे गेला तर तो घोड्यात किंवा त्याच्या कॉलरमध्ये आहे. अर्ध्या तासाच्या या तपासणीने घोड्याच्या किमतीएवढा खर्च वाचू शकतो, तरी ती करून बघणारे फार थोडे. जमलं तर कुणाला तरी मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. कोचवानाच्या बैठकीवरून दांडीचा तिरकेपणा नीट कळत नाही.

गाडी एकटी सरळ जाते का?

घोडे सोडा आणि सपाट जागेवर दोघा माणसांनी दांडी धरून बग्गी ओढा. दांडी एका बाजूला पळत असेल तर बिचारे घोडे काय करणार? एका चाकाचा ब्रेक चिकटलेला असतो, बेअरिंग संपलेलं असतं, पुढच्या आसाचं फिरतं चक्कर ग्रीसविना अडकत असतं, किंवा दांडी जिथे बसते तिथला बोल्ट झिजून भोक लांबट झालेलं असतं. लाइटची बॅटरी किंवा छोटा जनरेटर एकाच अंगाला बांधलेला असेल तर तोही बघा.

मग दांडीचं वजन. चारचाकी बग्गीत दांडीचा भार गाडीनेच पेलायचा असतो, घोड्यांच्या मानेने पेलायचा नसतो. स्टुलावर साधा वजनकाटा ठेवून घोड्याच्या छातीच्या उंचीला दांडीचं टोक त्यावर टेकवा. काटा चांगलाच खाली गेला तर तेवढं वजन दोन्ही घोडे वरातभर मानेवर वाहतात. जाड लोखंडी पाइप आणि टोकाला पितळी सिंहाचं तोंड बसवलं की नेमकं हेच होतं. सिंह काढा. पाइप पातळ घ्या, नाहीतर चांगल्या लाकडाची दांडी करून घ्या आणि गाडीच्या बाजूला तिला आधार द्या, म्हणजे घोडे नसतानाही ती जमिनीवर आदळणार नाही.

लांबीचं म्हणाल तर दांडीचं टोक साधारण घोड्यांच्या कॉलरच्या रेषेत यावं. दांडी आखूड असली की वाद्या तिरक्या होतात आणि घोड्यांच्या छात्या एकमेकांकडे खेचल्या जातात. मग ते बाहेर ढकलत, दांडीवर रेलून चालायला लागतात. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ घेते.

पट्टे जमिनीवर टाकून मोजा

आता ओढीचे चार पट्टे. "दोन्हीकडे तिसऱ्या भोकात लावलेत, म्हणजे सारखेच आहेत," असं सगळे सांगतात. भोकं सारखी असली म्हणून लांबी सारखी असतेच असं नाही. चारही पट्टे काढून फरशीवर शेजारी शेजारी ठेवा, एक टोक जुळवा आणि दुसरं बघा. जुन्या साजात बोटभर फरक सहज निघतो, त्यात एखादा पट्टा मध्ये बदललेला असेल तर अधिकच.

दुखणं दर मोसमात परत का येतं ते इथे कळतं. जो घोडा जास्त ओढतो त्याचे पट्टे जास्त ताणतात. चामडं ताणलं की पट्टा लांब होतो, आणि पट्टा लांब झाला की तोच घोडा आणखी पुढे जातो. पुढे गेला की त्याची दांडीची वादी तंग होते आणि तो ओढीचा काही भाग मानेने, दांडीच्या टोकाला धरून करायला लागतो. दांडी त्याच्याकडे वळते. कोचवान त्याला लगामाने मागे धरतो, त्याचं तोंड कठीण होतं, तो चिडून आणखी ओढतो. शेजारचा शहाणा असतो, त्याला कळतं की आपण नुसतं चाललं तरी गाडी पुढे जाते. महिन्याभराने बघणारा म्हणतो, एक तापट आणि एक आळशी. स्वभाव असतोही तसा, पण त्याला खतपाणी पट्ट्यांनी घातलेलं असतं.

पट्टे एका मापाचे करा. ताणलेले आणि नवे एका गाडीवर मिसळू नका. एकच बदलायची वेळ आली तर चारही बदला, आणि जुन्यातले चांगले अडीनडीला ठेवा.

पट्टे ज्या बारला अडकतात त्याच्याकडेही लक्ष द्या, कारण आपल्याकडच्या बग्ग्यांमध्ये इथे मोठी गफलत असते. पुढे आडवा पक्का पाइप आणि त्याला चार हूक, एवढंच असतं. घोड्याचा डावा खांदा पुढे जातो तेव्हा उजवा मागे असतो. खांद्यांची ही मागेपुढे होणारी हालचाल कुठेतरी सामावून घ्यावी लागते. गळ्यात नीट बसणारी पूर्ण कॉलर असेल तर पक्का बार चालतो, कारण खांदे कॉलरच्या आत हलू शकतात. छातीवरून जाणारा पट्टा आणि पक्का बार ही जोडगोळी मात्र वाईट. पट्टा दर पावलाला कातडीवर मागेपुढे घासत राहतो. छातीपट्टा वापरायचा तर प्रत्येक घोड्यामागे मध्यावर फिरणारा एक लहान बार हवाच, म्हणजे घासणं त्या बारच्या बोल्टवर जातं आणि कातडी वाचते. गावातला चांगला वेल्डर हे काम करून देतो. बार घोड्याच्या अंगापेक्षा थोडा रुंद ठेवा, नाहीतर पट्टे पोटाला घासतील, आणि तो मागच्या पायांना लागणार नाही एवढं अंतर राखा.

काही जण हे दोन लहान बार एका मोठ्या, मधोमध फिरणाऱ्या बारला जोडतात. जड मालाच्या गाड्यांना ते छान, कारण दोन्ही हात सारखे असल्याने दोन्ही घोड्यांना सारखंच ओढावं लागतं. एकाने अंग चोरलं की त्याची बाजू मागे जाते आणि चोरी सगळ्यांना दिसते. पण वरातीत गर्दीतून वळणं घेताना मोठा बार पक्का आणि लहान दोन फिरते, हीच रचना मला जास्त आवडते. गाडी स्थिर राहते.

जखम कुठे आहे ते वाचा

साज उतरवल्यावर मलम लावण्याआधी जखम नेमकी कुठे आहे ते बघा. बहुतेक उत्तरं तिथेच लिहिलेली असतात.

मानेवर वरच्या बाजूला, आयाळीखाली लागलं असेल तर दांडीचं वजन मानेवर येतंय, किंवा छातीपट्टा पेलणारी मानेवरची वादी फार अरुंद आहे. खांद्याच्या हाडाच्या टोकावर लागलं असेल तर छातीपट्टा खाली लटकलाय, किंवा मागचा बार इतका खाली आहे की ओढताना पट्टा खाली खेचला जातो. दोन्ही खांद्यांवर सारखं घासलेलं असेल तर वर सांगितलेला पक्का बार. एकाच खांद्यावर असेल तर त्या घोड्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन पट्टे सारखे नाहीत, किंवा घोडा तिरका चालतोय, आणि तिरका का चालतोय ते पुढे लगामाच्या भागात येईल. काखेत, तंगाच्या (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) मागे-पुढे घासलं असेल तर तंग सैल असून मागेपुढे सरकतोय. शेपटीच्या मुळाशी असेल तर दुमची (शेपटीखालून जाणारी वादी) आखूड किंवा तिची शिवण खडबडीत.

जखम नाही, पण चढावर घोडा ठसकतो, मान वर करून घोरल्यासारखा आवाज काढतो, तर छातीपट्टा वर सरकून श्वासनलिका दाबतोय. हे ताबडतोब थांबवायचं लक्षण आहे. छातीपट्ट्याची खालची कड खांद्याच्या हाडाच्या टोकाच्या वर आणि वरची कड श्वासनलिकेच्या खाली, एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात त्याची जागा असते.

गळ्याच्या कॉलरची परीक्षा वेगळी. कॉलर मागे खांद्यांना टेकवा. खाली, कॉलर आणि श्वासनलिकेच्या मध्ये, सपाट हात जावा. बाजूंनी सपाट बोटं सरकावीत, पण कॉलर डुलू नये. मोठी कॉलर लहान कॉलरइतकीच वाईट, कारण ती वळवळते. आपल्या मोसमाची गंमत अशी की पावसाळ्याच्या विश्रांतीत घोडा भरतो आणि मे महिन्यापर्यंत लग्नं करून करून उतरतो. कार्तिकात नीट बसलेली कॉलर वैशाखात सैल होते. आतून वेगळं काढता येणारं अस्तर असेल तर हा फरक भरून काढता येतो.

आणि मखमल, आरसे, जरी? हवी तेवढी लावा, पण बाहेरच्या बाजूला. कातडीला लागणारी बाजू गुळगुळीत, शिवणीविना आणि दर वेळी घामाचं मीठ पुसता येईल अशी हवी. वाळलेल्या घामाने कडक झालेली मखमल सँडपेपरचं काम करते. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्या घोड्यांची कातडी गुलाबी असते, उन्हाने भाजते, आणि लग्नाला तर तेच हवे असतात. त्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्या.

थांबताना काय होतं?

बग्गी चालताना नीट आणि थांबताना गोंधळ, अशी तक्रार असेल तर दांडीच्या वाद्या तपासा. घोडे पुढे काढून ओढीचे पट्टे ताणा. त्या स्थितीत दोन्ही वाद्या जराशा ढिल्या असाव्यात, लोंबत नसाव्यात. मग घोडे पाऊलभर मागे घ्या. वाद्या ताणल्या जाऊन गाडी थांबायला हवी, आणि तेव्हा मागच्या बारपासून घोड्यांच्या पायांपर्यंत मोकळी जागा उरायला हवी. वाद्या फार सैल असतील तर गाडी आधी पायांवर येते. लाथ मारणारा घोडा अनेकदा असाच घडतो. दोन्ही वाद्यांची लांबी सारखी ठेवा. दांडी मध्यावर आणायला एक वादी आखूड करणं हा इलाज नव्हे, त्याने मूळ दोष फक्त लपतो.

टांग्याच्या साजात हमखास नसलेली एक गोष्ट इथे लागते. गाडी थोपवताना वादी कॉलरला पुढे आणि वर ओढते. तिला खाली धरून ठेवायला कॉलरच्या खालच्या कडीपासून पुढच्या दोन पायांमधून तंगापर्यंत जाणारी एक वादी हवी. ती नसेल तर प्रत्येक थांब्याला छातीपट्टा गळ्याकडे चढतो, घोडा मान वर फेकतो, आणि लोक म्हणतात की हा थांबायला ऐकत नाही. किंमत बघाल तर सगळ्या साजात किरकोळ, पण तिच्यावाचून जोडी जुंपू नये.

सपाट गावात आणि चाकांना चांगला पायब्रेक असेल तर मागचा बसपट्टा, म्हणजे घोड्याच्या मांड्यांमागून जाऊन गाडी थोपवणारा रुंद पट्टा, नसला तरी चालतं. साताऱ्या-महाबळेश्वराकडचे उतार, किंवा ब्रेकच नसलेली बग्गी असेल तर तो घ्या. खरं तर ब्रेक नसलेली बग्गी गर्दीत नेऊच नये. रोषणाईवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ब्रेकचा खर्च काहीच नाही.

लगाम सगळ्यात शेवटी

लगामाला शेवटी हात लावायचा, कारण लगामाने बाकीच्या सगळ्या चुका तात्पुरत्या लपवता येतात आणि म्हणूनच सगळे सुरुवात तिथूनच करतात.

काही ठिकाणी दोन घोड्यांची तोंडं आतल्या बाजूने दोरीने एकमेकांना बांधतात आणि बाहेरचे दोन लगाम हातात घेतात. यात एकाने मान झटकली की दुसऱ्याच्या तोंडाला हिसका बसतो आणि कुणालाच सरळ चालता येत नाही. दोरी सोडून द्या. जोडीच्या लगामाची रचना अशी असते: डावा मुख्य लगाम डाव्या घोड्याच्या तोंडातल्या कडीच्या डाव्या बाजूला जातो, आणि त्याच लगामावर मध्ये बक्कलने अडकवलेला आडलगाम उजव्या घोड्याच्या कडीच्या डाव्या, म्हणजे आतल्या बाजूला जातो. उजवीकडे याच्या बरोबर उलट. दोन आडलगाम मध्ये एकमेकांना छेदतात. हातात दोनच लगाम राहतात, आणि डावा ओढला की दोन्ही घोडे डावीकडे बघतात.

आडलगाम तिरका जातो, म्हणून तो मुख्य लगामाच्या पुढच्या भागापेक्षा लांब लागतो. किती लांब, याचं पक्कं गणित जर्मनीच्या बेन्नो फॉन आखेनबाख यांनी बसवलं. १८६१ ते १९३६ हा त्यांचा काळ, आणि विद्या शिकलेले पॅरिसमधल्या एडविन हाउलेट या इंग्रज कोचवानाकडून. त्यांच्या पद्धतीच्या लगामाला मुख्य पट्ट्यावर ४ सेंटिमीटर अंतराने ११ भोकं असतात, आणि बक्कल मधल्या, सहाव्या भोकात असताना आडलगाम १२ सेंटिमीटरने लांब असतो. दोन्ही बक्कलं मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि बैठकीवरून दोन्ही मुंडकी बघा.

दोघंही एकमेकांकडे तोंड करून चालत असतील तर आडलगाम आखूड आहेत. दोन्ही बक्कलं घोड्यांच्या तोंडाकडे सरकवा. दोघंही बाहेर बघत असतील तर लांब आहेत. दोन्ही बक्कलं हाताकडे घ्या. तिरक्या चालीचं आणि एकाच खांद्यावरच्या जखमेचं कारण पुष्कळदा हेच असतं.

एक उतावळा आणि एक मंद असेल तर दोन्ही बक्कलं सारख्या भोकांनी, पण उलट दिशांना हलतात. समजा डावा उतावळा आहे. त्याच्या तोंडात आतून जाणारा आडलगाम उजव्या लगामावर आहे, हे विसरायचं नाही. उजव्या लगामावरचं बक्कल २ भोकं हाताकडे घ्या आणि डाव्या लगामावरचं २ भोकं तोंडाकडे सोडा. मग डावा लगाम हातात ८ सेंटिमीटर आखूड धरा. हिशोब करून बघा: डाव्या घोड्याचे दोन्ही लगाम ८ सेंटिमीटरने आखूड झाले, उजव्याचे दोन्ही होते तेवढेच राहिले, आणि दोघांची मुंडकी सरळच. एकच बक्कल हलवलंत तर घोडा मागे येण्याऐवजी त्याची मान वाकडी होईल. या एका चुकीमुळे कितीतरी चांगले घोडे वाकड्या मानेचे म्हणून बदनाम आहेत.

लगाम बरोबर लागले की नाही हे ओढीच्या पट्ट्यांवर बघायचं. चारही पट्टे सारखे ताणलेले दिसले की झालं. उतावळ्याला इतकं मागे धरलं की त्याचे पट्टे झोल खायला लागले, तर आता सगळी गाडी मंद घोडा ओढतोय.

दोष घोड्याबरोबरच फिरला तर

अदलाबदलीत दोष घोड्याबरोबर गेला आणि त्याची कॉलरही ठीक असेल, तर नालबंद आणि पशुवैद्य. टोकदार झालेल्या दाढा, उशिरा बदललेले नाल, डांबरी रस्त्यावर घसरण्याची भीती, पाठीचं दुखणं, यांतलं काहीही असू शकतं. दुखणाऱ्या घोड्याला साजाने सरळ करता येत नाही.

कडक तोंडावर उपाय म्हणून काटेरी कडी घालतात, ते मात्र करू नका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्राच्या नियमांनुसार काटेरी कडी किंवा टोचणारा साज वापरायला बंदी आहे. त्याच नियमांत दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नको, आणि तापमान ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही, असं म्हटलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यातल्या मुहूर्तांचं काय करायचं ते सुपारी घेतानाच ठरवा.

जोडी निवडताना रंगापेक्षा पाऊल बघा. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास बाजार भरतो तेव्हा बग्गीवाले दोन सारखे पांढरे शोधत फिरतात. उंची आणि रंग जुळला, पण एकाची दुडकी चाल लांब टापांची आणि दुसऱ्याची तुरुतुरु, तर कितीही भारी साज घ्या, दोघांपैकी एक कायम धावत राहणार. दोघांना शेजारी शेजारी दुडकं चालवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. मोतद्दार तयार नसेल तर दुसरा सौदा बघा.

नवा साज घ्यायचा असेल तर

आपल्या देशात साजाचं मोठं केंद्र कानपूर. १८६०च्या दशकात इंग्रजांनी तिथे लष्करासाठी साजाचा सरकारी कारखाना काढला, आज तिथल्या खोगीर-साजाला भौगोलिक मानांकन आहे आणि माल परदेशात जातो. म्हणजे जोडीचा खरा साज आपल्याच देशात बनतो, आपण तो मागत नाही एवढंच. "बग्गीसाठी दोन सेट द्या" म्हटलंत तर टांग्याचे दोन सेट मिळतील. "पेअर हार्नेस" असं नाव घेऊन मागा आणि त्यात काय काय येतं ते एकेक विचारा: आडलगामासकट जोडीचे लगाम, दांडीच्या दोन वाद्या, कॉलर खाली धरणारी तंगापर्यंतची वादी, एका मापाचे चार ओढीचे पट्टे. पाठीवरची गादी हलकी असावी, कारण जोडीत तिला टांग्यासारखं दांड्यांचं वजन पेलायचं नसतं.

मापं दोन्ही घोड्यांची वेगवेगळी पाठवा, जुळे दिसत असले तरी: छातीचा घेर, तोंडाची रुंदी, मानेच्या मुळाशी गळ्याची उंची, आणि छातीपासून मागच्या बारपर्यंतचं अंतर. गळ्याची कॉलर घेणार असाल तर मापावर पुरता भरवसा ठेवू नका, शक्य असेल तर घालून बघूनच घ्या. ते जमणार नसेल तर सरळ रुंद, अस्तराचा छातीपट्टा आणि फिरते बार घ्या. लग्नाच्या हलक्या, सपाट रस्त्यावरच्या कामाला ते पुरतं. बग्गी जड असेल आणि चढ असतील तर मात्र गळ्याच्या कॉलरला पर्याय नाही, कारण तिच्यात ओढ दोन्ही खांद्यांवर मोठ्या जागेत पसरते.

चामडं की नायलॉन? नायलॉन ताणत कमी, धुता येतं, स्वस्त पडतं. पण त्याच्या कडा कापतात, आणि घोडा पडून अडकला तर नायलॉन तुटत नाही. म्हणून नायलॉन घेतलंत तर कातडीला लागेल तिथे सगळीकडे अस्तर, आणि कोचवानाच्या खिशात धारदार चाकू. चमकणारं रेक्झीन दिसायला छान, पण ओढीच्या पट्ट्याला ते लावू नये, आतलं काय कुजलंय ते कळत नाही. बजेट तोकडं असेल तर पैसे कॉलर आणि लगामात घाला, पितळेत वाचवा.

नवा साज आला की लगेच वरातीला काढू नका. मैदानात रिकाम्या गाडीला जुंपा, तेही ठरलेल्या क्रमाने: आधी लगाम जोडा, मग दांडीच्या वाद्या सैल लावा, मग ओढीचे पट्टे, आणि शेवटी वाद्या बेताच्या घट्ट करा. सोडताना उलटा क्रम, आणि घोडा गाडीला अडकलेला असताना तोंडातली कडी आणि झापडं कधीही काढायची नाहीत, अगदी पाणी पाजायलासुद्धा. थोडं चालवून थांबा आणि चारही पट्टे, दोन्ही वाद्या पुन्हा बघा. नवं चामडं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त ताणतं. पहिल्या काही फेऱ्यांत दर वेळी पट्टे काढून फरशीवर जुळवून मोजा, आणि एखादा लांबला असेल तर भोक बदलून तिथल्या तिथे सारखा करा. कुठलं बक्कल कितव्या भोकात होतं ते तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, कारण साज धुवायला काढला की मोतद्दार तो परत आपल्या मनाने लावतो.